मनगट मोडलंय का ते सोनोग्राफीत दिसतं?

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला आठवतं पोट, नाहीतर पोटातलं बाळ. हाड मोडलंय का हे बघायला कोणी सोनोग्राफी करतं का? करतात की! आणि कुठला तरी हौशी डॉक्टर गंमत म्हणून करतो असंही नाही, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये यावर रीतसर ट्रायल झाली आणि 2023 मध्ये ती न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली, म्हणजे डॉक्टर लोक ज्याला सगळ्यात जास्त मान देतात त्यातल्या एका जर्नलमध्ये.

त्याआधी मुलांच्या हाडांबद्दल थोडं. मूल धावताना पडलं की हात पुढे टाकतं आणि सगळा भार मनगटावर येतो, म्हणून लहान मुलांमध्ये मनगटाच्या जरा वरचं फ्रॅक्चर खूप कॉमन आहे. पण मुलांचं हाड मोठ्यांसारखं कटकन तुटतंच असं नाही, ओल्या फांदीसारखं ते वाकतं, दबतं, एका बाजूने चिरतं. त्यातला सगळ्यात साधा प्रकार म्हणजे बकल फ्रॅक्चर, यात हाडाचा बाहेरचा थर एका जागी दबून फुगतो, बस एवढंच. हाड जागेवरून हलत नाही आणि आपोआप भरून येतं. ब्रिटनमध्ये 965 मुलांवर याचीही ट्रायल झाली होती (2022, लॅन्सेट हे मेडिकल जर्नल). निम्म्या मुलांना नेहमीसारखा कडक आधार बांधला आणि निम्म्यांना साधं बँडेज देऊन घरी पाठवलं, तर तीन दिवसांनी दोन्हीकडे दुखणं सारखंच! म्हणजे मनगट सुजलेल्या मुलाच्या बाबतीत खरा प्रश्न 'फ्रॅक्चर आहे की नाही' एवढाच नसतो, 'काळजी करण्यासारखं फ्रॅक्चर आहे की नाही' हा असतो.

आता क्वीन्सलँडची ट्रायल. चार हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी विभागात आलेली 5 ते 15 वयाची 270 मुलं, मनगटाजवळ दुखतंय पण हात उघडउघड वाकडा झालेला नाही अशी. निम्म्यांचा आधी एक्सरे, निम्म्यांची आधी सोनोग्राफी. सोनोग्राफीत काही नाही दिसलं किंवा साधं बकल दिसलं तर एक्सरे काढायचाच नाही, पण त्याहून मोठं काही दिसलं किंवा शंका आली तर लगेच एक्सरे. चार आठवड्यांनी मुलं हात किती नीट वापरतायत हे 40 पैकी मार्कांमध्ये मोजलं तर एका गटाला 36.4 आणि दुसऱ्याला 36.3, म्हणजे काहीच फरक नाही. महत्त्वाचं असं एकही फ्रॅक्चर सुटलं नाही, आणि सोनोग्राफीवाल्या गटातल्या साधारण दोन-तृतीयांश मुलांना एक्सरेची गरजच पडली नाही. मला यातली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट वाटते ती ही की प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा सोनोग्राफीचा दांडा, हातात धरणारे रेडिओलॉजिस्ट नव्हतेच, इमर्जन्सीतल्या नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर यांनाच शिकवून तयार केलं होतं.

पण हाड सोनोग्राफीत दिसतं कसं? कारण एरवी सोनोग्राफीत हाड म्हणजे अडथळाच. आवाजाच्या लहरी मऊ भागातून आरामात जातात, हाडाला लागल्या की बहुतेक सगळ्या परत येतात आणि हाडामागे नुसती काळी सावली उरते. पण त्याचाच इथे उपयोग होतो! लहरी परत येतात म्हणून हाडाचा पृष्ठभाग स्क्रीनवर एकदम ठळक पांढऱ्या रेषेसारखा उमटतो, चांगल्या हाडाची रेष सलग आणि गुळगुळीत, आणि फ्रॅक्चर असेल तर त्या रेषेत फुगवटा, खाच किंवा पायरी दिसते. मुलांच्या मनगटावर मांस फार नसतं त्यामुळे चित्र चांगलं येतं. हाताची दोन हाडं, रेडिअस आणि अल्ना, प्रत्येकाला तीन बाजूंनी बघायचं, म्हणजे सहा व्ह्यू झाले. शिवाय हाडालगतच्या प्रोनेटर क्वाड्रेटस नावाच्या स्नायूखाली रक्त साठलंय का तेही बघतात, साठलं असेल तर फुगवटा लहान दिसला तरी गाफील राहायचं नाही. जेल भरपूर लावलं की प्रोब दाबावा लागत नाही, मूल आईच्या मांडीवर बसूनच हात पुढे करू शकतं, एक्सरेसारखं दुखरा हात टेबलावर ठेवून आता असा वळव, आता तसा वळव हे नाही.

फसायची जागा एकच मोठी, ग्रोथ प्लेट. वाढत्या मुलांच्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते, तिथून हाड लांब होतं, आणि सोनोग्राफीत तिथे रेषेत फट दिसते. नवशिक्याला वाटतं सापडलं फ्रॅक्चर! त्यावर सोपा उपाय म्हणजे दुसरा चांगला हात घ्यायचा आणि तीच जागा बघायची.

कोपराच्या बाबतीत थोडं वेगळं आहे. तिथे मोडलेली जागा शोधण्यापेक्षा सांध्यात रक्त भरून मागचा चरबीचा गोळा वर उचलला गेलाय का हे बघतात, तसं नसेल तर फ्रॅक्चर असण्याची शक्यता खूपच कमी. पण उचललेला दिसला म्हणजे फ्रॅक्चर आहेच असंही नाही, त्यामुळे तिथे नंतर एक्सरे लागतोच.

आता रेडिएशनबद्दल, कारण या विषयावर लोक उगाच घाबरवतात. मनगटाच्या एका एक्सरेत साधारण 0.001 मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशन मोजायचं माप) डोस मिळतो. आपल्याला जमिनीतून, हवेतून, आकाशातून नुसतं बसल्याजागी वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे हा एक्सरे म्हणजे तीन-चार तास नुसतं जगण्याइतका डोस. त्यामुळे डॉक्टरांनी मनगटाचा एक्सरे सांगितला आणि 'नको, रेडिएशन असतं' म्हणून कोणी तो टाळला तर तो शुद्ध वेडेपणा आहे. माझ्या मते मनगटाच्या सोनोग्राफीचा खरा फायदा रेडिएशन वाचवण्यात नाहीच, तो वेळेत आहे, आणि जिथे एक्सरे मशीन किंवा ते चालवणारा माणूस नाही तिथे आहे.

रेडिएशनची खरी काळजी करायची ती डोक्याच्या सीटी स्कॅनची. एका स्कॅनला साधारण 2 मिलिसिव्हर्ट, म्हणजे मनगटाचे दोनेक हजार एक्सरे एकदम! ब्रिटनमधल्या 2012 च्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा होता की दहा वर्षांच्या आतल्या 10,000 मुलांचा डोक्याचा सीटी केला तर पुढच्या दहा वर्षांत ब्लड कॅन्सरची एक आणि ब्रेन ट्यूमरची एक जास्तीची केस होऊ शकते. धोका लहान आहे पण शून्य नाही, आणि डोक्यावर पडणारी मुलं काय कमी असतात? म्हणून अमेरिकेत 42,000 हून जास्त मुलांची माहिती गोळा करून 2009 मध्ये पीकार्न नावाचे नियम तयार केले. शुद्ध हरपली होती का, उलट्या होतायत का, मूल नेहमीसारखं वागतंय का, डोक्यावर मऊ टेंगूळ कुठे आहे, असं विचारून आणि तपासून कोणत्या मुलाला सीटीची गरज नाही ते ठरवता येतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या कवटीचं फ्रॅक्चर सोनोग्राफीतही दहापैकी नऊ वेळा सापडतं, पण आत मेंदूत रक्तस्राव झालाय का हे त्यातून कळत नाही हे विसरून चालणार नाही. काही हॉस्पिटलांत काही मिनिटांत उरकणारा फास्ट एमआरआय करतात, त्यात रेडिएशन नाही आणि भूलही द्यावी लागत नाही, फक्त कवटीची बारीक चीर त्यात निसटू शकते.

आणि सगळ्यात स्वस्त रेडिएशन-फ्री टेस्ट म्हणजे डॉक्टरांचा हात. पाय मुरगळला तर एक्सरे लागेल का ते ठरवायला ठरावीक जागी हाड दाबून दुखतंय का आणि चार पावलं चालता येतंय का बघायचं, हे ओटावा नियम कॅनडात 1992 पासून आहेत आणि चालत्याबोलत्या मुलांनाही बऱ्यापैकी लागू पडतात. याउलट ट्युनिंग फोर्क वाजवून हाडावर टेकवायचा आणि दुखलं तर फ्रॅक्चर, ही जुनी युक्ती ऐकायला भारी आहे पण तिच्यावर विसंबता येत नाही, वेगवेगळ्या अभ्यासांत तिचे निकाल फारच वरखाली आहेत.

हात वाकडा दिसतोय, जखमेतून हाड दिसतंय, बोटं बधिर किंवा गार पडलीत, असं काही असेल तर यातलं काहीच करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल आणि एक्सरे. आणि कृपा करून तेल लावून चोळायला कोणाकडे नेऊ नका!

आपल्याकडे क्वीन्सलँडसारखं नर्सच्या हातात प्रोब देणं सध्या तरी शक्य नाही, आणि त्याचं कारण मनगटाशी संबंधितच नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, मग 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला, तोच आजचा पीसीपीएनडीटी. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीन रजिस्टर लागतं, चालवणारा ठरावीक पात्रतेचा डॉक्टरच लागतो, आणि 2012 च्या नियमांनी पोर्टेबल मशीन कुठेही घेऊन फिरायलाही बंदी आली. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे 894 मुली होत्या, तेव्हा हा कडकपणा उगाच नाही, तो सैल करा असं मी तरी म्हणणार नाही. पण जिथे रजिस्टर्ड मशीन आणि पात्र डॉक्टर आधीच आहेत तिथे मुलाचं मनगट बघायला कायद्याने कोणालाच अडवलेलं नाही, आणि त्यासाठी लागणारा लिनिअर, म्हणजे सपाट तोंडाचा, प्रोब थायरॉइड बघायला बहुतेक सेंटरवर असतोच.