बाजारपेठेतील रस्त्यालगतचे पार्किंग

बाजारपेठेच्या रस्त्यावर पदपथाच्या कडेने गाड्या उभ्या करण्यासाठी आखून दिलेली, वेळेचे किंवा शुल्काचे बंधन असलेली जागा. ही जागा रस्त्याचाच भाग असते, त्यामुळे बहुमजली वाहनतळाचे हिशेब तिला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्याच दोन-अडीच मीटरच्या पट्ट्यावर बसथांबा, रिक्षा स्टँड, माल उतरवणारा टेम्पो, पथारीवाले आणि रस्ता ओलांडू पाहणारा माणूस यांचाही हक्क असतो. एका वेळी किती गाड्या मावतात यापेक्षा दिवसभरात किती गाड्या येऊन जातात, हा आकडा बाजारासाठी अधिक मोलाचा. व्यापारी आणि महापालिका यांच्या बैठका मात्र बहुधा पहिल्याच आकड्यावर अडतात.

मापे. भारतात आखणीसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तिका वापरतात. मोटारीसाठी मूळ चौकट २.५ × ५ मीटर धरली जाते. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत इमारतींच्या पार्किंगलाही मोटारीसाठी हेच माप आहे आणि दुचाकीसाठी १ × २ मीटर. रस्त्याला समांतर गाडी लावायची असेल तर पाच मीटर पुरत नाहीत, कारण मागे-पुढे करून आत शिरायला जागा लागते. तेथे एका मोटारीला ५.९ मीटर लांबी धरतात. चार मीटरच्या आतल्या मोटारींना २००६ पासून करात सवलत असल्यामुळे रस्त्यावर छोट्या गाड्या पुष्कळ दिसतात, आणि मग पाच-पाच मीटरवर पट्टे मारण्याचा मोह होतो. स्विफ्टसारखी ३.८६ मीटरची गाडी त्यात कशीबशी बसते. पावणेपाच मीटरची इनोव्हा आली की ती पट्ट्यावर चढते, तिच्या मागची गाडी पुढच्या पट्ट्यावर, आणि तासाभरात रांगेतली एक जागा नाहीशी होते.

तिरकी आखणी केली की गाड्या जास्त मावतात, पण रस्ता कमी होतो. शंभर मीटर मोकळ्या कडेला समांतर १६ मोटारी बसतात, ३० अंशांत १९, ४५ अंशांत २७, ६० अंशांत ३३ आणि काटकोनात ४०. यासाठी खाल्ली जाणारी रुंदी अनुक्रमे २.५, ४.६७, ५.३, ५.५८ आणि ५ मीटर. म्हणजे ३० अंशांच्या आखणीत तीन गाड्यांसाठी दोन मीटरहून अधिक रस्ता द्यावा लागतो. बाजारपेठेत हा सौदा जवळजवळ कधीच परवडत नाही. काटकोनातली मोटार मागे घेताना साधारण सहा मीटर मोकळा रस्ता लागतो आणि तोवर मागची वाहतूक थांबते. शिवाय शेजारी उंच गाडी असेल तर मागे येणाऱ्या चालकाला दुचाकीस्वार दिसतच नाही. गाडी मागच्या बाजूने आत लावायची सक्ती केली तर हा धोका बराच कमी होतो, मात्र आपल्याकडे ती पाळून घेणे अवघड जाते.

रस्त्याची रुंदी आधी पाहायची, कोन नंतर. नऊ मीटरच्या एकेरी रस्त्यावर एका बाजूला सव्वादोन मीटरचा पार्किंगचा पट्टा दिला तर पावणेसात मीटर उरतात, म्हणजे दोन लेन. दोन्ही बाजूंना दिला तर साडेचार मीटर उरतात. ही रुंदी तीन मीटरच्या एका लेनला जास्त आणि दोन लेनना कमी. या उरलेल्या दीड मीटरच्या आमिषानेच लोक ‘दोन मिनिटांसाठी’ दुसऱ्या ओळीत गाडी लावतात.

दुचाकी. महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत खरा प्रश्न दुचाकींचा आहे, तरी आराखडे मोटारीच्या मापात काढले जातात. काटकोनात लावलेली दुचाकी रस्त्याची दोन मीटर रुंदी घेते, साधारण समांतर मोटारीइतकीच. एका मोटारीच्या लांबीत त्यामुळे पाच-सहा दुचाकी उभ्या राहतात. अ‍ॅक्टिव्हाची रुंदी सुमारे ७० सेंटीमीटर. एक मीटर सोडला तर उतरायला आणि आरसा वाचवायला जागा मिळते. प्रत्यक्षात गाड्या हँडलला हँडल लावून उभ्या राहतात. साइड स्टँडवरची गाडी डावीकडे कलते, हँडल लॉक केले की पुढचे चाकही वळते, आणि मधली गाडी काढायला शेजारच्या दोन सरकवाव्या लागतात. प्रत्येक दुचाकीला वेगळा पट्टा मारून हे सुधारत नाही. आठवड्याभरात त्या पट्ट्यांकडे कोणी पाहत नाही. पाच मीटरच्या चौकटी आखून दोन चौकटींत पाऊण मीटर वाट सोडावी. ग्राहक तिथून पदपथावर चढतो आणि पुढचे चाक पदपथावर चढवून गाडी लावण्याची सवयही थोडी आटोक्यात येते.

शंभर मीटरचा हिशेब. चौक ते चौक शंभर मीटरचा तुकडा घ्या. दोन्ही टोकांना वळणाऱ्या वाहनांसाठी आणि पादचाऱ्यांच्या पट्ट्यांसाठी दहा-दहा मीटर मोकळे ठेवले की ८० उरले. मधल्या दोन इमारतींची फाटके चार-चार मीटरची: ७२. ‘छोटा हत्ती’ ३.८ मीटर लांब असतो, पण मागचे फळके उघडून माल काढायला जागा लागते; अशा दोन टेम्पोंना मिळून दहा मीटर: ६२. दिव्यांगांच्या गाडीसाठी सहा मीटर: ५६. येथे पदपथाला उतार हवा. वाहनतळात दिव्यांगांची जागा ३.६ मीटर रुंद ठेवतात. समांतर पार्किंगमध्ये ती रुंदी रस्त्यावर मिळत नाही, म्हणून ही जागा गल्लीच्या तोंडाशी दिलेली बरी. उरलेल्या ५६ मीटरमध्ये दुचाकींच्या पाच चौकटी (२५ दुचाकी, प्रत्येक चौकटीलगतच्या वाटेसह २८.७५ मीटर) आणि चार मोटारी (२३.६ मीटर) बसतात. शेवटी साडेतीन मीटर शिल्लक राहतात, तेथे एक रिक्षा. आधी ‘शंभर मीटरमध्ये सोळा मोटारी’ असे तोंडी ठरवून कंत्राट दिले, तर पहिली गदा टेम्पोच्या जागेवर येते आणि टेम्पो मग रस्त्याच्या मध्ये उभा राहतो.

पाहणी. आखणीआधी त्या रस्त्यावर गाड्यांची पाहणी करतात. ठरावीक अंतराने एक माणूस रस्ता चालून जातो आणि प्रत्येक जागेवरच्या गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे लिहितो. फेरी अर्ध्या तासाची असेल तर दहा मिनिटांसाठी आलेले बहुतेक ग्राहक वहीत येतच नाहीत आणि गाड्या प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ थांबतात असा चुकीचा निष्कर्ष निघतो. बाजारपेठेत पंधरा मिनिटांची फेरी योग्य. पाहणीसाठी एक साधा दिवस आणि एक शनिवार निवडावा. बाजाराची साप्ताहिक सुट्टी टाळावी. दिवाळी, गणपती आणि लगनसराई यांची पाहणी वेगळी करायची. त्या आकड्यांवर वर्षभराची आखणी बेतू नये.

समजा वीस जागांवर सकाळी १० ते दुपारी २ या चार तासांत ८५ गाड्या आल्या आणि सर्वांचा मिळून ६८ तास मुक्काम झाला. उपलब्ध जागा-तास (वीस जागा × चार तास) ८०. म्हणजे वापर ८५ टक्के, सरासरी मुक्काम ४८ मिनिटे आणि एका जागेवर चार तासांत सव्वाचार गाड्या. वापर ८५ टक्क्यांच्या आसपास ठेवावा, हे सूत्र अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांच्यामुळे रूढ झाले: सहा-सात जागांमागे एक रिकामी दिसली की चालक फेऱ्या मारत नाहीत. हा आकडा दिवसभराची सरासरी म्हणून नव्हे, गर्दीच्या तासाला तपासायचा असतो.

पाहणीत जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट निघते. सकाळी दहाच्या फेरीत आलेले काही नंबर रात्री नऊपर्यंत तिथेच असतात. ते दुकानमालकांचे आणि नोकरवर्गाचे. अकरा तासांच्या बाजारात तासाभराचा मुक्काम आणि ८५ टक्के वापर धरला तर एका जागेवर नऊ गाड्या येऊन जातात. दुकानदाराची एक गाडी नऊ ग्राहकांची जागा अडवते. ‘पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही’ ही तक्रार करणाऱ्याचीच गाडी अनेकदा दारात असते.

वेळ, शुल्क, दंड. जगातले पहिले पार्किंग मीटर १९३५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत बसवले गेले, तेही नोकरदारांच्या दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्या हटाव्यात या दुकानदारांच्या मागणीतूनच. तासाला पाच सेंट दर होता. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही पार्किंगचे शुल्क जागेच्या किमतीशी सुसंगत असावे असे म्हटले आहे. व्यवहारात उलटे घडते: रस्ता फुकट आणि शेजारच्या वाहनतळात पैसे, म्हणून वाहनतळ रिकामा. रस्त्यावरचा दर वाहनतळापेक्षा जास्त आणि तासागणिक चढता ठेवणे हाच यावर उपाय आहे. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले, पण विरोधामुळे आधी मोजक्याच रस्त्यांवर प्रयोग करायचे ठरले. मुंबईत २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा उभ्या मोटारींना १०,००० रुपये दंड लावण्यात आला.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार साधा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा ५०० आणि पुढे १,५०० रुपये झाला. ताशी २० रुपये दर धरला तर आठ तासांचे १६० होतात. पाचशेचा दंड वीस दिवसांतून एकदाच बसत असेल तर नियम मोडणे दिवसाला २५ रुपयांत पडते. नियम पाळणे स्वस्त पडायचे असेल तर दर तिसऱ्या दिवशी पकडले जाण्याची शक्यता हवी. दंडाची रक्कम वाढवण्याइतकेच रोजच्या फेरीला महत्त्व आहे, आणि टोइंगच्या गाडीपेक्षा ई-चलान करणारा पायी कर्मचारी अधिक उपयोगी ठरतो.

पे अँड पार्कचे कंत्राट ठरावीक रकमेच्या बोलीवर दिले की ठेकेदाराला जास्तीत जास्त गाड्या कोंबण्यात रस असतो. पावतीवर वेळ लिहिलेली नसते, चौकटीबाहेर दुसरी ओळ लागते, फाटकासमोरही गाडी उभी राहते. वेळ छापणारे हातातले यंत्र, दरफलक आणि प्रत्येक पावतीवर ठरलेला मोबदला या तीन अटी करारात नसतील तर नंतर भांडून काही मिळत नाही.

सम-विषम पद्धत. पुण्यासह राज्यातल्या अनेक शहरांत पी-१, पी-२ पाट्या दिसतात: विषम तारखेला एका बाजूला पार्किंग, सम तारखेला दुसऱ्या. दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना आलटून-पालटून दारात जागा मिळते, म्हणून ती टिकली. तिचे दोष मात्र कमी बोलले जातात. ३१ तारखेनंतर १ तारीख येते, दोन्ही विषम. वर्षात १८६ दिवस विषम आणि १७९ सम पडतात. रात्री लावलेली गाडी सकाळी आपोआप चुकीच्या बाजूला असते. पार्किंगची बाजू रोज बदलत असल्याने पदपथाच्या कडेला पार्किंगसाठी कापलेली कायमची खाच, टेम्पोची जागा, दिव्यांगांची जागा यांपैकी काहीच बांधता येत नाही. रुंद पदपथाच्या कडेने झाडांमध्ये पार्किंगच्या खाचा ठेवल्या तर शिस्त कर्बच, म्हणजे पदपथाची उंच कडाच, राखतो.

पाट्या आणि पट्टे. निळ्या चौकोनात पांढरा ‘पी’ म्हणजे पार्किंग. लाल कडेच्या निळ्या गोलात एक तिरकी रेघ म्हणजे पार्किंगला मनाई, फुली म्हणजे थांबायलाही मनाई. वेळ लिहायची असेल तर ती पाटीखालच्या फलकावर मराठीत आणि एका ओळीत असावी. चार अटींची पाटी चालत्या गाडीतून कोणी वाचत नाही. पट्टे थर्मोप्लास्टिकचे (तापवून पसरायच्या जाड, टिकाऊ रंगाचे), कोरड्या डांबरावर, पावसाळा संपल्यावर मारावेत. साधा रंग पहिल्याच पावसाळ्यात पुसट होतो. केबलसाठी रस्ता खोदला की चर बुजवताना पट्टा जातो आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात तो क्वचितच धरलेला असतो; खोदाईचा परवाना देतानाच पट्ट्यांची भरपाई अनामत रकमेत घालून घ्यावी.