थिंकिंग हेल्दी कार्यक्रम

गरीब घरांतील गर्भवती आणि बाळंतिणींच्या नैराश्यावर घरोघरी जाऊन काम करणारी समुपदेशन पद्धत. आतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी ती पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात विकसित केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये तिची पुस्तिका काढली. समुपदेशन करते ती मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, तर गावातलीच प्रशिक्षित आरोग्यसेविका.

मूळ चाचणीत (२००८) ४० युनियन कौन्सिलांतील (काही गावांचा मिळून होणारा पाकिस्तानातील स्थानिक प्रशासनाचा घटक) ९०३ नैराश्यग्रस्त गर्भवती होत्या. भेटी दोन्ही गटांत सारख्याच झाल्या, पण एका गटातील सेविकांना हे प्रशिक्षण दिलेले नव्हते. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा प्रशिक्षित सेविकांच्या गटात २३ टक्के आणि दुसऱ्या गटात ५३ टक्के आयांना नैराश्य होते. म्हणजे नुसत्या विचारपूस करणाऱ्या भेटी पुरत नाहीत. भेटीत काय घडते ते महत्त्वाचे. बाळांचे लसीकरण वाढले, जुलाब कमी झाले. वजन-उंचीत मात्र ठळक फरक पडला नाही.

भेटींची रचना. मूळ आराखड्यात १६ भेटी आहेत : गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक अशा चार, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात तीन आणि पुढे महिन्याला एक अशा नऊ. विषय तीन : आईची स्वतःची तब्येत, आई-बाळाचे नाते, घरच्यांशी संबंध. घातक विचार ओळखणे, त्याजागी उपयोगी विचार आणणे आणि तो कृतीत उतरवून पाहणे या तीन पायऱ्या. ‘माझ्या नशिबातच हे आहे’ हा विचार सेविका खोडत बसत नाही. चित्र दाखवून विचारते, असे वाटले की तुम्ही दिवसभरात काय करता, जेवता का? मग पुढच्या भेटीपर्यंत जमेल असे एकच छोटे काम ठरते, उदाहरणार्थ रोज एक वेळ वेळेवर जेवणे किंवा बाळाशी दहा मिनिटे बोलणे. वाचता न येणाऱ्या बाईलाही चित्रांमुळे सहभागी होता येते.

गोव्यातील रूप. गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य आढळले. पैशांची ओढाताण आणि नवऱ्याची मारहाण यांचा त्याच्याशी संबंध दिसला. पुढे मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगत’ संस्थेने आरोग्यसेविकेऐवजी वस्तीतल्याच अनुभवी आयांना, म्हणजे ‘सखीं’ना तयार केले. भेटी ६ ते १४ आणि भर विचारांपेक्षा कृतीवर. २८० स्त्रियांच्या चाचणीत (२०१९) सहा महिन्यांनी सखींच्या गटातील ७३ टक्के आणि नेहमीच्या सेवेच्या गटातील ६१ टक्के स्त्रिया नैराश्यातून बाहेर आल्या होत्या. फरक माफक, पण खरा. त्याच धर्तीच्या रावळपिंडीतील चाचणीत सहा महिन्यांनी लक्षणांच्या तीव्रतेत ठळक फरक दिसला नाही.

काम कुठे अडते. बहुधा उंबरठ्यावरच. ‘तुमच्या सुनेला नैराश्य आहे’ असे म्हटले की घरचे बिथरतात. म्हणून सुरुवात बाळापासून करावी. बाळ सुदृढ व्हावे, हे सासूलाही हवेच असते. तिला आणि नवऱ्याला पहिल्या भेटीतच सामील करून घ्यावे, मात्र बाईशी एकटीने बोलण्याची सवड मागून ठेवावी. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी गेली की भेटींचा धागा तुटतो. सातव्या महिन्यापूर्वीच माहेरचा पत्ता आणि फोन लिहून घ्यावा. दुसरी चूक उपदेशाची. ‘मन घट्ट करा’ म्हटले की बाई गप्प होते. हे देखरेखीशिवाय सुधारत नाही : गोव्यात सखी ध्वनिमुद्रित भेटी एकत्र ऐकून एकमेकींना गुण देत.

पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत १० किंवा अधिक गुण आल्यास बाईला कार्यक्रमात घेतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला होकार आल्यास बेरीज कितीही असो, सेविकेने प्रकरण एकटीकडे ठेवू नये : त्याच दिवशी पर्यवेक्षकाला आणि डॉक्टरांना कळवावे, बाईला एकटे सोडू नये. भारतात १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक यासाठी उपलब्ध आहे. घरात मारहाण चालू असेल तर समुपदेशनाने ती थांबेल असे धरून चालू नये. सुरक्षिततेची तजवीज आधी करावी लागते.