तंत्रज्ञान-खर्चाचा अग्रक्रम

अंदाजपत्रकाला कात्री लागल्यावर संगणक, सॉफ्टवेअर, इंटरनेट आणि माहिती-सुरक्षा यांवरचा कोणता खर्च आधी करायचा, कोणता लांबवायचा आणि कोणता बंद करायचा, याचा कंपनीने लावलेला क्रम.

कायद्याने सक्तीचा केलेला खर्च टळत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याचा माग राहावा लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून जास्त उलाढालीच्या व्यवसायांना ई-इनव्हॉइस, म्हणजे दुसऱ्या व्यवसायाला दिलेले बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणे, लागू झाले. गोव्यातल्या वेर्ण्याहून अमेरिकेला औषधे पाठवणाऱ्या कारखान्यांना तिथल्या औषध-नियामकाचे इलेक्ट्रॉनिक नोंदींचे १९९७ चे नियमही पाळावे लागतात.

त्यानंतर धंदा चालू ठेवणारा खर्च येतो, आणि खरी ओढाताण इथेच होते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, म्हणजे गोव्यात पर्यटनाचा हंगाम उघडतो त्याच महिन्यात. रिसेप्शनवरचा जुना संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मात्र थांबले. ‘अजून चालतंय की’ म्हणून असा खर्च यादीत खाली सरकतो. बॅकअपचेही तेच. पावसाळ्यात वीज ये-जा करते, यूपीएसची बॅटरी दोन मिनिटांत मान टाकते, हिशेबाची फाइल खराब होते आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच सर्व्हरला जोडलेली निघते.

गोव्यातल्या हॉटेलांची अडचण आणखी वेगळी. जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या, म्हणून यंत्रणा बदलायला सवड. पण हातात पैसा नसतो तोही तेव्हाच. हंगामात पैसा येतो, तर बुकिंग तासभरही बंद ठेवता येत नाही. म्हणून काम पावसात आणि मोठा हप्ता दिवाळीनंतर, असे विक्रेत्याशी मे महिन्यातच ठरवून घेणे उत्तम.

सरसकट दहा टक्के कपात सोपी वाटते, पण ती बॅकअपला आणि शोभेच्या वस्तूला एकच माप लावते. शून्याधारित अंदाजपत्रकात गेल्या वर्षीचा आकडा गृहीत धरत नाहीत. प्रत्येक खर्चाची गरज नव्याने पटवून द्यावी लागते. पहिली कात्री सॉफ्टवेअरच्या वर्गण्यांना लावावी. काम सोडून गेलेल्या हंगामी कर्मचाऱ्यांची ईमेल खाती आणि लायसन्स चालूच राहतात, दरमहा पैसेही जातात. म्हापशातल्या किंवा फोंड्यातल्या लहान कचेरीत हिशेबनीस पगारपत्रक शेजारी ठेवून एका दुपारी ही यादी काढू शकतो.