बाजारात न आलेल्या हार्डवेअरचा ड्रायव्हर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पैसे मोजले की संगणकाचा जवळपास कुठलाही सुटा भाग हाती पडतो. जो अजून तयारच झालेला नाही तो मात्र तिथेही मिळत नाही, आणि ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. चिप येईपर्यंत थांबलं, तर चिप येते तेव्हा ती चालवणारं सॉफ्टवेअर नसतं. म्हणून खोटं हार्डवेअर उभं करतात. ड्रायव्हरने एखादं रजिस्टर, म्हणजे चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा, वाचलं की खऱ्या यंत्राने दिलं असतं तेच उत्तर द्यायचं, काम उरकलं की इंटरप्ट, म्हणजे ‘झालं’ असा इशारा, पाठवायचा. पलीकडे चिप आहे की नुसता प्रोग्रॅम, हे ड्रायव्हरला कळत नाही.

युक्ती जुनी आहे. आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज केंद्रात ३६०/६७ या मशीनवर सीपी-६७ ही प्रणाली चालायची. तिच्यात फेरफार करून तिथल्या मंडळींनी व्हर्च्युअल मेमरीचं ३७० मशीन सॉफ्टवेअरमध्येच उभं केलं. खऱ्या मशीनवरच्या या सोयीची घोषणा पुढे १९७२ च्या ऑगस्टमध्ये झाली.

१९७५ चा किस्सा जास्त बोलका आहे. बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांना अल्टेअर संगणकासाठी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहायची होती, पण अल्टेअर त्यांच्याकडे नव्हता. अ‍ॅलनने हार्वर्डच्या पीडीपी-१० या संगणकावर अल्टेअरमधल्या इंटेल ८०८० प्रोसेसरचा सिम्युलेटर लिहिला आणि सगळं काम त्यावरच झालं. प्रात्यक्षिकासाठी अल्बुकर्कीला जाताना, विमान उतरायला आलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की टेपवरचा प्रोग्रॅम मेमरीत चढवणारा लोडर लिहिलेलाच नाही. सिम्युलेटरवर त्याची कधी गरजच पडली नव्हती! तो त्याने तिथेच, विमानात लिहिला. खोट्या यंत्राची खरी अडचण ही अशी असते: जे त्यात नाही त्याची आठवणही होत नाही.

पुढे एएमडीने ६४ बिटांचा प्रोसेसर आणायचं ठरवलं, तेव्हा स्वीडनच्या व्हर्च्युटेक कंपनीचा सिमिक्स हा सिम्युलेटर कामी आला. एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन हा प्रोसेसर बाजारात आला, तोवर सिम्युलेटरवर घडवलेलं लिनक्स तयार होतं.

इथवर कारण एकच, यंत्र अजून आलेलं नाही. पण यंत्र टेबलावर असलं तरी ड्रायव्हरची परीक्षा पुरी होत नाही. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड तपासला, तेव्हा ड्रायव्हरमधलं चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ३ ते ७ पटींपर्यंत निघालं. यात नवल नाही. हार्डवेअर बिघडल्यावर चालणारा कोड तपासायला हार्डवेअर बिघडायला हवं, आणि चांगली डिस्क सांगून बिघडत नाही. लिनक्समधली एससीएसआय डीबग ही खोटी डिस्क मात्र बिघडते. रॅममध्येच राहणाऱ्या या डिस्कला सांगितलं, की ती ४६६० क्रमांकाच्या सेक्टरपाशी हमखास ‘वाचता येत नाही’ म्हणते.

सीप्झमधल्या टीमचा सँपल बोर्ड सहार विमानतळाच्या कार्गोत कस्टम्सकडे अडकला, तर तोवर असा बनावट बोर्ड उपयोगी पडतोच. शिकणाऱ्यांसाठी तर क्यूईएमयू या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एज्यु’ नावाचं उपकरण आहे, जे कुठल्याच कारखान्यात कधी बनलं नाही. त्याच्या रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा, ते फॅक्टोरियल काढून देतं. मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी ड्रायव्हरचं प्रात्यक्षिक याच्यावरच घ्यावं, असं माझं मत. कार्ड जळायची भीती नाही, खर्च शून्य.

तरी एक मेख राहतेच. खोटं यंत्र आणि त्याचा ड्रायव्हर, दोन्ही एकाच डेटाशीटवरून, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकावरून, लिहिले जातात. डेटाशीट चुकीची असेल किंवा वाचताना गैरसमज झाला असेल, तर दोघांचं छान जुळतं आणि खरी चिप आल्यावर सगळं कोसळतं. २०१२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी सिमड्राइव्ह हे ड्रायव्हर तपासायचं साधन मांडलं, त्यात यंत्राची नक्कल करायचा नादच सोडला होता. यंत्र कुठलंही उत्तर देऊ शकतं असं धरायचं आणि प्रत्येक शक्यतेत ड्रायव्हर काय करतो ते पाहायचं. लिनक्सचे २१ आणि फ्रीबीएसडीचे ५ ड्रायव्हर तपासून त्यांना ३९ चुका सापडल्या. वेळेचं गणित, वेग, कामगिरी यांसाठी अर्थात खरी चिपच लागते.

यूएसबीमध्ये हा विचार आणखी पुढे गेला. गूगलच्या सिझकॉलर या चुका शोधणाऱ्या प्रोग्रॅमने वाटेल ते बरळणारी खोटी यूएसबी उपकरणं कर्नलला जोडायला सुरुवात केली आणि ड्रायव्हरमधले बग ढिगाने बाहेर आले. २०२० मध्ये लिनक्स ५.७ सोबत आलेलं रॉ गॅजेट याच कामासाठी आहे. अशी उपकरणं कुठलाही प्रामाणिक कारखाना बनवणार नाही. पण कुणी मुद्दाम बनवून कॉम्प्युटरला खोचलं, तर ड्रायव्हरची गाठ त्याच्याशीच पडते.