पेनीकुक घराणं

पेनीकुक हे मूळचं स्कॉटिश आडनाव, एडिंबरोच्या दक्षिणेला याच नावाचं गाव आहे त्यावरून पडलेलं. या घरातलं भारतात सगळ्यात माहीत असलेलं नाव म्हणजे कर्नल जॉन पेनीकुक, केरळातल्या मुल्लपेरियार धरणाचे इंजिनिअर. आणि आपल्याकडे बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं की त्यांचा जन्म पुण्यातला, १५ जानेवारी १८४१ चा. लोक त्यांची गोष्ट थेट धरणापासून सांगायला लागतात, पण माझ्या मते ती त्यांच्या वडिलांपासून सांगायला हवी, नाहीतर हा माणूस अर्धाच कळतो.

वडिलांचं नावही जॉनच, आईचं नाव सारा. वडील आयुष्यभर पलटणीत, १८११ मध्ये जावाच्या मोहिमेत होते, पुढे १७ व्या पलटणीबरोबर मुंबई इलाख्यातून निघालेल्या फौजेतून १८३९ ला गझनी (अफगाणिस्तान) आणि कलात (बलुचिस्तान) इथल्या लढायांत गेले. घरात मुलंबाळं भरपूर, पलटण जाईल तिकडे बिऱ्हाड, त्यातच पुण्यात हा मुलगा जन्मला. मग दुसरं इंग्रज-शीख युद्ध आलं आणि १३ जानेवारी १८४९ ला चिलियनवालाची लढाई झाली (हे ठिकाण आता पाकिस्तानी पंजाबात आहे). तेव्हा वडील ब्रिगेडियर होते आणि त्यांच्या हाताखालची २४ वी पलटण झुडपांतून धावत संगिनी रोखून थेट शीख तोफांवर गेली, तिथे ती अक्षरशः कापली गेली. ब्रिगेडियर पडले, त्यांना उचलून नेणाऱ्यांनाही मागे हटावं लागलं, आणि त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा अलेक्झांडर, त्याच पलटणीत नुकताच अधिकारी झालेला, बापाच्या देहावर पाय रोवून उभा राहिला आणि तिथेच मारला गेला. धाकट्या जॉनचा आठवा वाढदिवस दोन दिवसांवर होता. बाप आणि भाऊ एकाच दिवशी गेलेलं हे घर, ही गोष्ट लक्षात ठेवूनच पुढचं सगळं वाचावं असं मला वाटतं.

तरीही मुलं परत फौजेतच गेली. जॉन चेल्टनहॅम कॉलेजात आणि मग ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्लंडमधल्या ॲडिसकोंब इथल्या लष्करी शाळेत शिकले, १८५८ ला मद्रास इंजिनिअर्समध्ये कमिशन मिळालं आणि १८६० ला ते भारतात आले. १८७९ मध्ये ग्रेस जॉर्जियाना शामिए यांच्याशी लग्न झालं, त्यांचं माहेरही मद्रासच्या फौजेतलंच, म्हणजे दोन्हीकडून घर हिंदुस्थानातल्या नोकरीवर वाढलेलं. पाच मुली आणि एक मुलगा.

आता धरण. पेरियार नदी पश्चिमेला वाहून अरबी समुद्राला मिळते आणि डोंगरापलीकडचा मदुराईचा मुलूख कोरडा राहतो, तर तिचं पाणी अडवून बोगद्यातून पूर्वेला वैगईच्या खोऱ्यात सोडायचं अशी कल्पना. ही कल्पना साहेबांची नाही, रामनाडच्या (तमिळ मुलखातल्या) राजाचे प्रधान मुथुइरुलप्पा पिळ्ळै यांनी १७८९ लाच ती मांडली होती. १८०८ मध्ये कॅप्टन काल्डवेलने ती अशक्य म्हणून बाजूला टाकली. १८७६-७८ च्या दुष्काळाने मात्र सरकारला जागं केलं, १८८२ ला पेनीकुकना आराखडा सुधारायला सांगितलं, १८८६ मध्ये त्रावणकोर संस्थानाशी (धरणाची जागा त्यांच्या हद्दीत) ९९९ वर्षांचा करार झाला आणि १८८७ ला काम सुरू झालं. दाट जंगल, मलेरिया, कॉलरा, वर पाऊस लागला की नदी बांधलेलं वाहून नेणार, पुन्हा पहिल्यापासून. बांधकाम दगडाचं, चुना आणि सुरखी (म्हणजे विटांची भुकटी) वापरून. ऑक्टोबर १८९५ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्या हस्ते उद्घाटन झालं. काम करताना शेकडो मजूर आजाराने मेले, त्यांची नावं कोणी पुतळ्याखाली लिहीत नाही, ही खंत इथे नोंदवायलाच हवी.

थेनीकडे (तमिळनाडूतला धरणाचं पाणी मिळणारा जिल्हा) घरोघरी सांगतात की सरकारने पैसे थांबवले तेव्हा साहेबांनी विलायतेतली जमीन आणि बायकोचे दागिने विकून धरण पुरं केलं. याला कागदोपत्री आधार सापडलेला नाही, काम सरकारी खर्चाचंच होतं. लोकांची माया खरी आहे, पण ती माया करायला या गोष्टीची गरज नाही, इतकी वर्षं त्या जंगलात टिकून राहणं हेच पुष्कळ आहे.

१८९६ ला ते निवृत्त झाले, इंग्लंडमध्ये कूपर्स हिलच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रमुख झाले, ब्रिस्बेन नदीच्या पुरांबद्दल सल्ला द्यायला ऑस्ट्रेलियालाही जाऊन आले. ९ मार्च १९११ ला कॅम्बर्ली इथे वारले. एकुलता मुलगा, तोही जॉन, जन्म १८९९ चा, पहिल्या महायुद्धात लढला पण पुढे वकिलीत गेला आणि सर जॉन पेनीकुक म्हणून इंग्लंडच्या हायकोर्टात न्यायाधीश झाला, त्या कोर्टाच्या चॅन्सरी विभागाचा व्हाइस-चॅन्सलर, म्हणजे तिथला प्रमुख न्यायाधीशही. म्हणजे फौजेची वाट या शाखेत इथे सुटली.

धरणावरून केरळ आणि तमिळनाडूत भांडण अजून चालू आहे, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने १४२ फुटांपर्यंत पाणी साठवायला परवानगी दिली. घराण्याचं नाव मात्र थेनीच्या कम्बम खोऱ्यात वेगळ्याच तऱ्हेने राहिलंय, तिथे मुलांची नावंच पेनीकुक ठेवतात, तिथल्याच लोअर कॅम्प या गावी २०१३ मध्ये स्मारक उघडलं, २०२२ ला कॅम्बर्लीतही पुतळा बसला. त्यांचा वाढदिवस नेमका पोंगलच्या दिवसांत येतो, तेव्हा थेनीतल्या पालारपट्टी गावच्या बायका मातीच्या मडक्यात नवा तांदूळ आणि गूळ शिजवतात, दूध उतू गेलं की ओरडतात, आणि पहिला वाटा साहेबांच्या फोटोपुढे ठेवतात.