संधिवात असला तर रेडिएशन चालत नाही?

'संधिवात आहे ना, मग शेक घेऊ नकोस, कातडी दगड होईल' हे (शेक म्हणजे इथे रेडिएशन) कोकणात छातीच्या कॅन्सरच्या बाईला अजूनही ऐकवलं जातं. सरसकट खरं नाही. नुसता आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड असला म्हणून रेडिएशन बाद होत नाही.

खरी भीती स्क्लेरोडर्माची, म्हणजे कातडी कडक करणाऱ्या वाताच्या आजाराची. त्यात शरीर आधीच जादा कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, तयार करतं. रेडिएशनने ते तयार करणाऱ्या पेशी आणखी चेततात आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथली कातडी आवळून घट्ट होते. म्हणून तिथे डॉक्टर बहुधा शस्त्रक्रियेचा पर्याय आधी तपासतात. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) जोरात असेल तरी जपावंच लागतं.

शेक चालू असताना काखेत, स्तनाखालच्या घडीत कातडी लाल होते, सोलवटते. ते वेगळं, बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येतं. आपल्या दमट हवेत घामाने ते जास्त चुरचुरतं, सुती सैल ब्लाउज बरा. भेगांवरचं घरचं मुठेल (कोकमाच्या बियांचं तेल) तिथे विचारल्याशिवाय लावू नये. वाताच्या गोळ्याही परस्पर बंद करू नयेत. मुंबईला निघताना वाताची जुनी फाइल मात्र न्याच: रोगाचं नेमकं नाव त्यातच सापडतं.