स्टार्टर सोलेनॉइडचे वायरिंग (जुनी इनबोर्ड बोट-इंजिने)

बोटीच्या पोटात बसवलेले इंजिन चालू करताना स्टार्टर मोटर बॅटरीतून शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह खेचते. एवढा प्रवाह सुकाणूजवळच्या चावीतून नेता येत नाही, म्हणून बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये सोलेनॉइड, म्हणजे चावीच्या लहान प्रवाहावर चालणारा जड स्विच, बसवलेला असतो. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात त्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ मोटरमध्ये नसून या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरींमध्ये सापडते. प्रस्तुत नोंद प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन पेट्रोल इंजिनांविषयी आहे. शिडाच्या बोटींत सर्रास आढळणारे युनिव्हर्सल कंपनीचे ॲटॉमिक फोर (१९४७–८४) आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांच्या मोटारगाडीच्या ब्लॉकवर बेतलेली इंजिने ही त्यांतील परिचित उदाहरणे होत.

जनरल मोटर्सच्या धाटणीत सोलेनॉइड स्टार्टरच्याच पाठीवर असतो आणि त्यात तारेची दोन वेटोळी असतात. ओढणारे वेटोळे मोटरमार्गे अर्थ होते (अर्थिंगला, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला जोडले जाते). मुख्य संपर्क जुळताच त्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब (व्होल्टेज) मिळून त्यातील प्रवाह थांबतो, आणि पुढे धरून ठेवणारे वेटोळे एकटे काम करते. पहिल्या क्षणाची ही प्रवाहाची ओढ बरीच जड असते. बोटीत चावीपर्यंत जाऊन परत येणारी वायर लांबलचक, त्यात खाऱ्या हवेने गंजलेले जोड, त्यामुळे दाब वाटेतच गळतो आणि नुसती ‘टकटक’ ऐकू येते. मर्क्रूझर या बोट-इंजिनांच्या ब्रँडच्या अनेक इंजिनांवर यासाठी आणखी एक लहान, चार खुंट्यांचा (वायर जोडण्याच्या टोकांचा) सोलेनॉइड दिलेला असतो. चावी त्याला चालवते आणि तो स्टार्टरवरच्या सोलेनॉइडला इंजिनाजवळूनच भरपूर प्रवाह पुरवतो. चावीकडून येणारी वायर बहुधा पिवळी, लाल पट्ट्याची असते, आणि गिअर न्यूट्रलमध्ये नसताना इंजिन सुरू होऊ नये यासाठीचा स्विच सहसा तिच्यातच असतो.

फोर्डच्या धाटणीत सोलेनॉइड मोटरपासून अलग, दोन जाड आणि एक किंवा दोन बारीक खुंट्यांचा असतो. खरा घोटाळा दुसऱ्या बारीक खुंटीचा आहे. मोटारगाडीच्या प्रकारात वेटोळे पत्र्याच्या बैठकीतून अर्थ होते आणि ही दुसरी, ‘आय’ खुंटी स्टार्टर इंजिन फिरवत असतानाच जिवंत होते. ती बॅलास्ट रेझिस्टर (एरवी दाब कमी करणारा रोध) टाळून इग्निशन कॉइलला (ठिणगीसाठी उच्च दाब तयार करणाऱ्या कॉइलला) बॅटरीचा पूर्ण दाब देते, कारण स्टार्टर चालताना तो दाब आधीच १० व्होल्टच्या आसपास उतरलेला असतो. सागरी प्रकारात मात्र वेटोळे बैठकीपासून अलग ठेवलेले असून दिसायला तशीच असलेली दुसरी खुंटी त्याचा अर्थ असते. सागरी सोलेनॉइडच्या जागी गाडीचा बसवून अर्थची वायर तिथेच जोडली, तर चावी फिरवताच बॅटरी त्या बारीक वायरीतून थेट अर्थ होते आणि वायर जळते. उलट अदलाबदल केली तर वेटोळ्याला धड अर्थ मिळत नाही व सोलेनॉइड ओढतच नाही. आकार जुळला म्हणून भाग जुळला असे येथे अजिबात समजू नये. सुटा सोलेनॉइड मीटरने तपासणे सोपे आहे: दोन बारीक खुंट्यांमध्ये काही ओहम दिसून बैठकीशी संबंध आढळला नाही तर तो अलग अर्थचा, म्हणजे सागरी; एक खुंटी व बैठक यांमध्येच तेवढे ओहम दिसून दुसरी खुंटी कशालाच जोडलेली नसेल तर तो गाडीचा.

डिझेल इंजिनाला इग्निशन कॉइल नसल्यामुळे तेथे ‘आय’ खुंटीला कामच उरत नाही.

गाडीचा स्वस्त सोलेनॉइड पेट्रोल इंजिनाच्या बोटीत न वापरण्याचे दुसरे कारण ठिणगीचे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते, आणि संपर्क जुळताना-सुटताना सोलेनॉइडच्या आत ठिणगी पडतेच. सागरी सोलेनॉइड ती बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचू न देण्यासाठी बनवलेला असतो. अमेरिकन तटरक्षक दलाच्या नियमांत पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यातील विद्युत उपकरणांना असे संरक्षण आवश्यक मानले आहे, आणि इंजिन सुरू करण्याआधी ४ मिनिटे ब्लोअर (कप्प्यातील वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवण्याची सूचनाही बोटीवर लावलेली असते. जाड खुंट्यांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून स्टार्टर फिरवण्याची गॅरेजमधली युक्ती या कप्प्यात उघडी ठिणगी पाडते.